आनीतला मिनार आणि शेजारचं कॅथीड्रल : मध्ययुगीन आर्मेनियात ख्रिश्चन आणि मुसलमान कसे राहत?

भटकेश्वर
नमस्कार मंडळी. तुर्कस्तानच्या पूर्वेला कार्सजवळ आनी नावाचं ओसाड शहर आहे. एके काळी आर्मेनियन बाग्रातुनी राजांची राजधानी. खाली आखुरियन नदीची घळ, पलीकडच्या काठावर आजचा आर्मेनिया देश. घळीच्या अगदी तोंडाशी मनुचिहरची मशीद आणि तिचा अष्टकोनी मिनार, त्याच्या एका अंगावर मोठ्या कुफी (जुन्या कोनदार अरबी) अक्षरांत बिस्मिल्ला. तिथून थोडं चाललं की १००१ साली पुरं झालेलं कॅथीड्रल. बांधणारा त्रदात. ९८९ च्या भूकंपात कॉन्स्टॅंटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट ढासळला तो दुरुस्त करणारा हाच.

एकाच फोटोत दोन्ही दिसतात आणि माझं डोकं चक्रावतं. लढाया, कत्तली याबद्दल बरंच वाचायला मिळतं. मला जाणून घ्यायचंय ते सातव्या ते चौदाव्या शतकातलं रोजचं जगणं. एकाच गावात मशीद आणि चर्च दोन्ही चालू असत का, की एक आलं की दुसऱ्याला कुलूप? माणसं एकमेकांशी कशी वागत?

कृपया आजचं राजकारण आणू नये.

अर्धाचहा
"आजचं राजकारण आणू नये" असं लिहिलंय, म्हणजे धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसलोय.

किल्लेदार
सुरुवात तहापासून करावी लागेल. ६५२ साली थेओदोरोस रश्तुनी या आर्मेनियन सरदाराने मुआवियाशी तह केला. मुआविया तेव्हा सीरियाचा सुभेदार, खलिफा नंतर झाला. सेबेओसच्या नावावर असलेल्या इतिहासात त्या तहाच्या अटी आहेत : सुरुवातीची काही वर्षं कर माफ, पुढेही झेपेल तेवढाच द्यायचा. आर्मेनियाने १५,००० घोडदळ बाळगायचं. आणि मुख्य म्हणजे आर्मेनियन किल्ल्यांत अरब अंमलदार बसवायचा नाही.

ख्रिश्चन सरदार बायझंटियमच्या ख्रिश्चन सम्राटाला सोडून अरबांकडे का गेला? कारण सम्राट जास्त छळत होता. ४५१ ची खाल्सेदनची परिषद मान्य करा म्हणून बायझंटियमने आर्मेनियन चर्चच्या मागे टुमणं लावलं होतं. ख्रिस्ताचे स्वभाव दोन की एक, याच्याशी मुआवियाला काही देणंघेणं नव्हतं. त्याला सरहद्द शांत हवी होती.

इतिहासकार मात्र रश्तुनीवर जाम भडकलेला आहे. हा मरणाशी आणि नरकाशी केलेला करार, असं तो लिहितो.

ओवी
किल्लेदार, तहाचं पुढे काय झालं तेही लिहा की. पन्नास वर्षांत आर्मेनिया थेट उमय्यदांचा, म्हणजे मुआवियाच्या घराण्याचा, सुभा झाला, आणि ७०३ ला बंड उठलं. ७०५ साली आर्मेनियन घोडेस्वार सरदारांना पगाराच्या वहीत नाव घालायचंय असं सांगून नाखिचेवानला बोलावलं, चर्चमध्ये कोंडलं आणि चर्च पेटवून दिलं. ख्राम गावातही तेच. घेवोंद नावाच्या धर्मगुरूने हे लिहून ठेवलंय.

मेलेल्यांपैकी एकाचा लहान मुलगा वाहान. त्याला दमास्कसला नेऊन मुसलमान म्हणून वाढवलं. हुशार निघाला, दरबारात लिहिण्याच्या कामाला लागला. खलिफा दुसऱ्या उमरच्या काळात बंदिवानांना घरी जायची मोकळीक मिळाली तेव्हा परतला आणि पुन्हा ख्रिश्चन झाला. पुढे स्वतःच खलिफाच्या रुसाफातल्या दरबारात हजर झाला. ७३७ साली त्याचा शिरच्छेद झाला. आर्मेनियन चर्च त्याला आजही संत मानतं. "कसे राहत" याचं एक उत्तर हेही आहे.

गोदातीर
वाचतेय. ओवी, तुमचं बरोबर, पण त्याच दुसऱ्या उमरची एक आख्यायिकाही आहे. कॅथलिकोस, म्हणजे आर्मेनियन चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू होवान्नेस ओझ्नेत्सी खलिफाला भेटायला गेला तो भरजरी झगा घालून, दाढीवर सोन्याची पूड शिंपडून. खलिफा म्हणाला, तुमचा ख्रिस्त तर साधा राहायचा म्हणे. ओझ्नेत्सी म्हणाला, लोकांना दबकून राहायला काहीतरी लागतं. मग खलिफाला एकांतात नेऊन झगा बाजूला केला. आत अंगाला बोचणारा बकऱ्याच्या केसांचा सदरा. खलिफा खूश झाला, आणि याने जाता जाता धर्मगुरूंचा कर माफ करून घेतला!

अर्धाचहा
आत खरखरीत सदरा आणि वर जरी. याला म्हणतात प्रेझेंटेशन.

पाटीलबुवा
हे सगळं वाचून आपल्याकडचे आदिलशाही, निजामशाहीतले मराठा सरदार आठवले…

संपादक
पाटीलबुवा, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे आर्मेनियावरच राहू या.

किल्लेदार
ओवी, नाखिचेवान नाकारत कोण आहे? माझं म्हणणं एवढंच की 'ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान' असे दोन तंबू गृहीत धरले की पुढचं काहीच कळत नाही. आता मामा-भाच्याची गोष्ट ऐका.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्मेनियात दोन मोठी घराणी होती, उत्तरेत बाग्रातुनी आणि व्हान सरोवराकाठी वास्पुराकानात आर्त्सरुनी. बाग्रातुनींचा अशोत ८८० च्या दशकात राजा झाला. त्याला मुकुट बगदादच्या खलिफाकडूनही आला आणि बायझंटाइन सम्राटाकडूनही. दोन्ही साहेब खूश. त्याच्यानंतर मुलगा स्म्बात गादीवर आला. स्म्बातच्या बहिणीचा मुलगा गागिक आर्त्सरुनी. नाखिचेवानच्या मुलुखावरून मामा-भाच्यात वाजलं, कारण मामाने तो मुलूख स्युनिकच्या सरदारांना देऊन टाकला. गागिक उठला आणि अझरबैजानचा साजी अमीर यूसुफ याच्याकडे गेला. ९०८ साली यूसुफने गागिकला स्वतंत्र राजाचा मुकुट दिला. मग गागिक आणि यूसुफ दोघं मिळून मामावर चालून गेले.

शेवट भयंकर झाला. स्म्बात शरण आला, यूसुफने त्याचे हाल करून ९१४ मध्ये मारलं आणि प्रेत द्विन शहरात खांबाला टांगलं. तोवर गागिकने अंग काढून घेतलं होतं आणि नंतर तो यूसुफच्या विरोधातही उभा राहिला. आणि मग याच गागिकने काय केलं? व्हान सरोवरातल्या आख्तामार बेटावर ९१५ ते ९२१ मध्ये अख्खं दगडी कोरीवकामाने मढवलेलं पवित्र क्रुसाचं चर्च बांधलं.

शिल्पा_वास्तू
अहो, आख्तामारवर मी तासभर बोलू शकते. बाहेरच्या भिंतीवर गागिक स्वतः कोरलेला आहे, हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेऊन, समोर ख्रिस्त. गागिकचा झगा बघा : पायघोळ, वर गोल गोल पदकं आणि त्यांत पक्षी. असं रेशीम तेव्हा मुसलमान दरबारांत खिलत, म्हणजे मानाचा पोशाख म्हणून दिलं जायचं. वर द्राक्षवेलीचा पट्टा सगळ्या चर्चला फिरवलाय, आणि पूर्वेकडे त्या वेलीत मांडी घालून बसलेली एक राजस मूर्ती आहे, एका हातात प्याला, दोन्ही बाजूंना सेवक. अब्बासी दरबारात खलिफा जसा रंगवत अगदी तशी. हे सगळं चर्चच्या भिंतीवर! राजा म्हटला की तो कसा बसतो, कसा पितो, काय नेसतो, याचं चित्र दोन्ही धर्मांच्या लोकांच्या डोळ्यांसमोर एकच होतं.

पुढे तेराव्या शतकात उलटसुलट देवाणघेवाण अजून वाढली. गेघार्द मठाच्या दालनाच्या छताला मधाच्या पोळ्यासारखी मुकर्नस लोंबते, इराणी आणि सेल्जुक इमारतींत असते तशी. आणि व्हान सरोवराच्या दुसऱ्या काठाला अख्लातच्या मुसलमान कबरस्तानात माणसापेक्षा उंच कोरीव दगड उभे आहेत. ते पाहून आर्मेनियन खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेले शिलापट, आठवल्याशिवाय राहत नाहीत. गंमत म्हणजे ११०० पासून अख्लातवर राज्य करणाऱ्या तुर्क घराण्याने पदवी घेतली 'शाह-इ-अर्मन'. आर्मेनियनांचा शाह!

ओवी
खिलत अंगावर घालणं म्हणजे मांडलिक असणं. ते मैत्रीचं लक्षण कसं झालं?

शिल्पा_वास्तू
मैत्री कुठे म्हणाले मी? आवड म्हणाले.

बारभाई
सोयरिकींचा मुद्दा राहिला. मानाझकेर्तचे कैसी, आर्झेनचे झुरारी ही अरब घराणी आर्मेनियात कायमची वसली आणि आर्मेनियन राजघराण्यांशी त्यांच्या सोयरिकी झाल्या. आर्झेनच्या मूसा इब्न झुरारा याने तारोनच्या बाग्रातुनी राजपुत्राची बहीण केली. त्यांच्या पोराने आर्त्सरुनी घराण्यात लग्न केलं, आणि तो आतून ख्रिश्चनच होता असं तोव्मा आर्त्सरुनी हा इतिहासकार लिहितो. अर्थात तोव्मा घरचा माणूस, त्याला जावयाचं कौतुक असणारच.

हाच तोव्मा बुघाच्या मोहिमेबद्दलही लिहितो. ८५२ पासून पुढे खलिफा मुतवक्किलचा तुर्क सेनापती बुघा आर्मेनियात फिरला आणि सरदारांना बेड्या घालून इराकमधल्या सामर्‍याला घेऊन गेला. मुसलमान व्हा नाहीतर मरा. बहुतेकांनी सुंता करून घेतली, काही वर्षांनी सुटून घरी आले आणि पुन्हा चर्चमध्ये जायला लागले. बाग्रातुनींचा म्हातारा स्म्बात (वरच्या मामाचा आजोबा) नाही म्हणाला आणि तिथेच मेला.

ओवी
धन्यवाद बारभाई. 'आवड' यातही होती का विचारायचं होतं, पण जाऊ दे.

पैठणीवाली
अवांतर, पण विषयातलंच. अरब भूगोलकार आर्मेनियाच्या कापडावर लट्टू होते. द्विनला ते दबील म्हणत. तिथले लोकरी गालिचे, उशा, कमरपट्टे सगळीकडे जायचे, आणि त्यांचा किरमिजी रंग प्रसिद्ध. आरारातच्या पायथ्याच्या खारट माळावर एका गवताच्या मुळांशी राहणाऱ्या किड्यापासून हा रंग निघतो. शरद ऋतूत पहाटे तो किडा जमिनीवर येतो, आणि तेवढ्या वेळात वेचावा लागतो, नाहीतर परत मातीत. अरब इतिहासकार बलाझुरी तर आर्ताशात गावाला किरमिजाचं गावच म्हणतो. वेचणारी आर्मेनियन, विकत घेणारा अरब व्यापारी. भांडायला वेळ कधी मिळत असेल त्या हंगामात!

नाईलकाठ
आता तुम्हाला माझा आवडता माणूस सांगतो. आर्मेनियाबाहेरचा आहे, पण आर्मेनियनच.

कैरोत फातिमी खलिफांचं राज्य. १०७४ च्या सुमारास तिथे सत्ता हातात घेतली बद्र अल-जमालीने. आर्मेनियन वंशाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला, मुसलमान झालेला. त्याने स्वतःबरोबर आर्मेनियन फौज आणली, त्यातले बरेच ख्रिश्चनच राहिले. कैरोची बाब अल-नस्र, बाब अल-फुतूह आणि बाब झुवैला ही प्रचंड दारं त्याचीच. मक्रीझी हा इजिप्तचा इतिहासकार सांगतो की एदेसाहून आलेल्या तीन भावांनी एकेक बांधलं.

त्यानंतर साठेक वर्षांनी, ११३५ साली, बहराम वजीर झाला. हाही आर्मेनियन, पण हा ख्रिश्चनच राहिला. आणि पदवी काय मिळाली? सैफ अल-इस्लाम, इस्लामची तलवार! अडचण अशी की शुक्रवारी खलिफा खुतब्यासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, मशिदीतल्या मिंबरावर (व्यासपीठावर) चढताना वजिराने सोबत असायचं असतं. ख्रिश्चन माणूस तिथे कसा चालेल? तोडगा निघाला : ते काम काजीने करायचं, बाकी राज्य बहरामने चालवायचं. दोन वर्षं चाललं. त्याने आपल्या माणसांना जागा दिल्या, भाऊ वासाकला दक्षिण इजिप्तमधल्या कूस शहराचा सुभेदार केलं, आर्मेनियनांची संख्या वाढली, चर्चं वाढली आणि लोक बिथरले. रिदवान नावाच्या सरदाराने ११३७ ला जिहादची हाक देऊन त्याला हाकललं. बहराम पळून कूसला पोचला तर गावकऱ्यांनी वासाकला मारून त्याचं प्रेत उकिरड्यावर टाकलेलं.

मग तो एका मठात जाऊन राहिला. पण रिदवानही खलिफाला डोईजड झाला, तेव्हा खलिफा अल-हाफिजने बहरामला पुन्हा बोलावून राजवाड्यात ठेवलं. ११४० ला तो वारला तेव्हा शिया खलिफा खेचरावर बसून ख्रिश्चन वजिराच्या शवपेटीमागून गेला आणि कबरीच्या काठावर बसून रडला.

आता मला सांगा, हे मैत्रीत टाकायचं का वैरात?

अर्धाचहा
हे एचआरकडे टाकायचं. भावाला कूसची पोस्टिंग दिली तिथेच चुकलं.

ओवी
ही गोष्ट खरंच सुरेख आहे. पण नाईलकाठ, वासाकला मारणारे गावातले साधे लोक होते आणि रडणारा खलिफा होता. धागालेखकाने साध्या लोकांबद्दल विचारलंय.

कायदेपंडित
साध्या लोकांचा पुरावा कायद्यात मिळतो. ११८४ मध्ये म्खितार गोश या धर्मगुरूने आर्मेनियन कायद्याचा ग्रंथ लिहायला घेतला. का लिहितोय त्याची कारणं त्याने सुरुवातीलाच दिली आहेत. एक, तुमच्याकडे लिखित कायदाच नाही असं परधर्मी आणि काही ख्रिश्चनही हिणवतात. दुसरं जास्त बोलकं : आपले लोक तंटे घेऊन परक्यांच्या न्यायालयात जातात, ते थांबावं. म्हणजे काजीकडे. बंदी घालावीशी वाटली याचाच अर्थ लोक जात होते, आणि बऱ्यापैकी जात होते. वारसा असो की जमीन, जिथे निकाल आपल्या बाजूने आणि लवकर लागेल तिथे माणूस जातो. वकिलीत इतकी वर्षं काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगतो.

आणि तेच साल, ११८४, म्खितार हेरात्सीचा तापांवरचा ग्रंथ. त्याने अरबी, फारसी आणि ग्रीक वैद्यकाचा आधार घेतला आणि सगळ्यांना कळावं म्हणून बोलीभाषेत लिहिला. एक म्खितार दार लावतोय, दुसरा उघडतोय.

गोदातीर
कायदेपंडित, उत्तम प्रतिसाद. याला जोडून एर्झ्न्का, आजचं एर्झिन्जान. १२८० साली तिथल्या तरुण कारागिरांच्या बंधुमंडळासाठी होवान्नेस एर्झ्न्कात्सी या धर्मगुरूने नियम लिहिले. आजारी भावाची सेवा करायची, गरिबाला मदत करायची, भांडण झालं तर मंडळाने मिटवायचं. त्या काळी अनातोलियाच्या गावागावांत मुसलमान कारागिरांची अशीच अखी मंडळं होती, आणि नियमांची ठेवण तशीच आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३० च्या दशकात तिथे गेला. तो लिहितो की गावात बहुतेक वस्ती आर्मेनियन, मुसलमान तुर्की बोलतात, बाजार नीटनेटके, कापड चांगलं, तांब्याची भांडी चांगली. उतरला अखी निजामुद्दीनच्या मठीत.

होवान्नेसने बसऱ्याच्या 'इख्वान अल-सफा' या मुसलमान तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून उतारे काढून आर्मेनियनमध्ये पुस्तक केलं, आणि हे मुसलमान तत्त्वज्ञांकडून घेतलंय असं शीर्षकातच सांगितलं. त्याच गावचा कवी कोस्तान्दिन सांगतो, मंडळातल्या बंधूंनी शाहनामा या फारसी महाकाव्याच्या चालीवर काहीतरी रच म्हणून आग्रह केला. म्हणजे संध्याकाळी आर्मेनियन पोरं शाहनामा ऐकत बसत होती!

रातकिडा
होवान्नेसच्याच नावावर एक प्रेमकविता आहे ना? पाद्र्याचा मुलगा होवान्नेस आणि मुल्लाची मुलगी आशा.

गोदातीर
हो. शेवटी आशा ख्रिश्चन होते. मुल्लाच्या गल्लीतल्या कवीने लिहिली असती तर होवान्नेसला कलमा पढावा लागला असता. पण असं प्रेम जमू शकतं, हे दोन्हीकडच्या ऐकणाऱ्यांना पटत होतं हे महत्त्वाचं.

मुंबईकर७
फोर्टात मेडोज स्ट्रीटला आर्मेनियन चर्च आहे, १७९६ चं. कुणी आत गेलंय का?

अर्धाचहा
पाच शतकं पुढे आलात. दादरला उतरून परत फिरा.

भटकेश्वर
मंडळी, प्रतिसाद एकापेक्षा एक आहेत, वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला : एकाच गावात, एकाच वेळी, दोन्ही चालू होती का?

किल्लेदार
द्विनमध्ये होती. दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तख्री स्पष्ट लिहितो की दबीलमध्ये ख्रिश्चन बरेच आहेत आणि जामा मशीद चर्चला लागून आहे. त्याच काळातला भूगोलकार इब्न हौकलही तेच म्हणतो. आणि हे ज्या शहरात स्म्बातचं प्रेत टांगलं त्याच शहरात, त्यानंतर जेमतेम दोन पिढ्यांत.

आनीचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. १०६४ ला सेल्जुक तुर्क सुलतान आल्प अर्सलानने आनी घेतलं आणि कॅथीड्रलची मशीद झाली. १०७० च्या दशकात शहर शद्दादी घराण्याच्या मनुचिहरकडे आलं. हे कुर्द वंशाचे मुसलमान, बापाची एक बायको बाग्रातुनी राजघराण्यातली. भटकेश्वरांच्या फोटोतली मशीद याची. काही अभ्यासकांच्या मते खालचा भाग आधीचा आहे. ११२४ ला जॉर्जियाच्या राजा दावितने शहर घेतलं, कॅथीड्रल पुन्हा चर्च झालं. थोड्याच वर्षांत शद्दादी मांडलिक म्हणून परतले. ११९९ नंतर शहर आर्मेनियन झाकारी बंधूंकडे गेलं. १२१३ च्या शिलालेखात तिग्रान होनेन्त्स या व्यापाऱ्याने कॅथीड्रलच्या पायऱ्या दुरुस्त केल्याची नोंद आहे, आणि मशीदही पाडली गेली नाही. चौदाव्या शतकात इल्खान, म्हणजे इराणचा मंगोल राजा, अबू सईदने जास्तीचे कर उकळू नका असं फर्मान काढलं, ते फारसीत कोरलं या मशिदीच्याच भिंतीवर. कराची नोटीस लावायची ती लोक रोज जातात तिथेच लावतात.

ओवी
यात एक राहिलं. मत्थेओस उऱ्हायेत्सी हा आर्मेनियन इतिहासकार लिहितो की १०६४ ला कॅथीड्रलच्या घुमटावरचा चांदीचा क्रूस उतरवून नाखिचेवानला नेला आणि मशिदीच्या उंबऱ्यात बसवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवावा म्हणून. किल्लेदार म्हणतात तसे दोन तंबू नसतीलही. पण कुणाच्या पायाखाली काय येणार, हे सत्ता कुणाकडे आहे त्यावर ठरायचं, आणि ती बहुतेक वेळा एकाच बाजूला होती.

किल्लेदार
यावर वाद नाही. फक्त तीच सत्ता गागिकलाही मुकुट देत होती आणि तो घेत होता.

ओवी
तो घेत होता. त्याच्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुबईहून_दीपा
दोघांचं चालू द्या, मी एक पाहिलेलं सांगते. आर्मेनियात सेलिमच्या घाटात १३३२ चा जुना कारवानसराय आहे, चेसार ओर्बेलियन या आर्मेनियन सरदाराने बांधलेला. दारावर बाहेरून फारसी शिलालेख, त्यात अबू सईदचं नाव. आत शिरलं की आर्मेनियन शिलालेख, त्यात ओर्बेलियन घराणं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी आमची आठवण ठेवा अशी विनंती. बाहेर उंटवाल्यांना आणि वसुलीदारांना कळेल असं, आत घरच्यांसाठी. दोन्हींतली सालंही जुळत नाहीत, फारसीतलं काही वर्षं आधीचं आहे. आमच्या ड्रायव्हरला त्याचं काहीच वाटत नव्हतं, त्याला माझे फोटो लवकर संपायला हवे होते.

भटकेश्वर
दीपा, हे भारी! आनी आणि सेलिम एका ट्रिपमध्ये होईल का?

दुबईहून_दीपा
नकाशात जवळ दिसतं, पण तुर्कस्तान-आर्मेनिया सरहद्द बंद असते, जॉर्जियावरून वळसा घालावा लागतो. आणि सेलिमला हिवाळ्यात जाऊ नका. जागा २,४१० मीटरवर आहे, घाट बर्फाने बंद पडतो.